चौथा पुकारा

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर परीक्षेची मुलं उगवतात. सकाळी साडेसहा, हातात झेरॉक्सचे गठ्ठे, ओठ हलतायत, पाय फिरतायत. मी झाडांना पाणी घालायचं निमित्त करून वर जाते आणि एखादा बेसावध जीव हेरते. पाण्याचा नळ बंद करायचा, कठड्याला पाठ लावायची, छातीत मावेल तेवढी हवा भरायची आणि द्यायची आरोळी, "अथर्व सुनील गायकवाड, हाजिर होऽऽ!" अथर्वच्या हातातले कागद उडतात. दोन मजले खाली त्याचे वडील अर्ध्या गालाला फेस लावून गॅलरीत येतात. मुलं म्हणतात, वकीलकाकू, एक दिवस तुम्ही कुणालातरी अटॅक आणणार. मी म्हणते, खुशाल माझ्यावर केस टाका, माझी बाजू मीच मांडेन आणि फीसुद्धा घेणार नाही.

मला नाटक आवडतं. लोक घाबरले की आवडतं, हसले की त्याहून जास्त. पण चाळिशी ओलांडलेल्या बाईने एवढं कबूल करायला हरकत नाही की ही आरोळी माझी नाही. ती माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. हशुराम गोमा म्हात्रे, मूळचे ओव्याचे. खारघरच्या कडेला जे जुनं गाव आहे, तिथले. सेक्टरांसाठी शेतं जायला लागली तसे ते पनवेलात आले, तळ्यामागच्या दोन खोल्यांत, आणि कोर्टात शिपाई झाले. कुठल्या कोर्टात ते सांगणार नाही. पनवेलहून एसटीने तासाभरात पोचता यायचं, एवढं पुरे. नावं छापल्याने काय होतं ते मी एकदा करून पाहिलंय.

कोर्टाची पायरी न चढलेल्या भाग्यवंतांसाठी थोडं सांगते. खटल्याचा नंबर आला की दाराशी उभा असलेला शिपाई पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो. त्याला पुकारा म्हणतात. तीन पुकारे होऊन आरोपी आला नाही, तर आत रोजनाम्यात तो गैरहजर म्हणून लिहिला जातो आणि त्याच्या नावाने वॉरंट निघतं. गरीब माणसाच्या घरात आणि कोठडीत कधीकधी एवढंच अंतर असतं, तीन आरोळ्यांचं.

दादा दिसायला चणीने लहान. पांढरा गणवेश, लाल पट्टा, आणि पट्ट्याला स्वतः पाडलेली दोन जादा भोकं. आवाज मात्र कुठल्यातरी पैलवानाचा असावा आणि त्याने तो दादांकडे ठेवायला देऊन परत न्यायला विसरावं, असा. दारात उभं राहून त्यांनी नाव घेतलं की कँटीनवाला न सांगता चहाचा आवाज बंद करायचा, म्हणजे बशी वाजवायचा थांबायचा. घरी ते हळू बोलत. आई म्हणायची, सगळा आवाज सरकारी आहे, घरी आणायची परवानगी नाही.

दोन हजार सहा सालचा उन्हाळा. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात फौजदारी न्याय या विषयात ऑनर्स घेता यायचं. चार जादा पेपर, एक प्रबंध, एक तोंडी परीक्षा. घेणारे थोडे, कारण जादा कष्ट करून नावापुढे फक्त एक शब्द वाढायचा. मला तो शब्द हवा होता. का हवा होता? म्हात्र्यांच्या घरात तोवर कुणी बी.ए.सुद्धा नव्हतं, आणि पहिल्याच फटक्यात सोन्याचं पाणी चढवून आणावं अशी हौस होती. दादांना तर माझ्यापेक्षा जास्त. त्यांना ऑनर्स म्हणजे काय ते समजलं नव्हतं, पण एसटीतल्या कंडक्टरलासुद्धा त्यांनी ते समजावून सांगितलं होतं.

तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. पेरणीआधी भाताच्या खाचरात पालापाचोळा जाळून राब भाजायचे, त्याचा धूर. दारात पत्र्यावर वाळत घातलेली सुकट आणि तिच्यावर पाळत ठेवणारं मांजर. कर्नाळ्याकडून येणाऱ्या बायकांच्या दुरड्यांतली करवंदं. वीज दुपारी ठरल्या वेळी जायची, आणि आमचा अभ्यास ताटलीने वारा घेत व्हायचा. दादा तीस वर्षं दाराशी उभे राहून कलमं ऐकत आले होते. जेवताना ते माझी परीक्षा घेत.

"संजू, तीनशे ऐंशी कनाला लागतो?"

"राहत्या घरातल्या चोरीला."

"नी भात करपला तर?"

"त्याला तुझ्या आईचं कलम लागतं," आई आतून म्हणायची, आणि आम्ही दोघंही गुन्हा कबूल केल्यासारखे खाली मान घालून जेवायचो.

प्रबंधासाठी मला मार्गदर्शक मिळाल्या नाडकर्णी मॅडम. निवृत्त सरकारी वकील. बोलताना चष्मा काढायच्या, ऐकताना घालायच्या. त्यांनी विषय दिला, किरकोळ खटल्यांतले आरोपी गैरहजर का राहतात. म्हणाल्या, पुस्तकं नंतर वाच, आधी महिनाभर कोर्टाच्या दारात जाऊन बस. मला हसू आलं. दार शोधायची मला काय गरज, माझा बापच दारात उभा होता.

मग मी वही घेऊन व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसायला लागले. पहिले काही दिवस काहीच कळेना. आरोपी तर येत होते. वीटभट्टीवरची माणसं, बांधकामावरची माणसं, जंगलाच्या कडेच्या वाड्यांतली कातकरी माणसं, सगळी येत होती. मग दादा आठवडाभर ओव्याला पुतण्याच्या लग्नाला गेले. दाराशी बदली शिपाई आला. आवाज चांगला, तीनदा पुकारायचा, नियमाने पुकारायचा. आणि त्या आठवड्यात तीच माणसं एकामागून एक गैरहजर लागत गेली. मी चक्रावले. लग्न दादांच्या पुतण्याचं, ही सगळी मंडळी वऱ्हाडात गेली की काय?

दादा परत आले तेव्हा मी त्यांच्यावर पाळत ठेवली. स्वतःच्या बापावर पाळत ठेवायला जी मजा येते ती दुसऱ्या कशात नाही. आणि मला दिसलं. तीन पुकारे झाले. कुणी आलं नाही. दादांनी आत डोकं घालून बेंच क्लार्ककडे बघितलं. क्लार्कने ती फाइल बाजूला सरकवून दुसरी घेतली. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला, आधी एक काच, मग दुसरी, अगदी सावकाश. तेवढ्यात दादा व्हरांड्यातून निघाले, नऊ पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं आणि फाटकाजवळच्या चिंचेखाली गेले. तिथे भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईजवळ वाकले आणि घरच्या आवाजात म्हणाले, "कमळे, चल गो. तुना बोलवलाय."

बाई लगेच उठली. कमळी वाघे तिचं नाव. तिच्यावर आळ होता की बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या चार फळ्या तिने चुलीत घातल्या. घातल्या होत्याच. लाकूड ओलं होतं, असं ती कुणालाही सांगायची, पोलिसालासुद्धा. चपला तिने पहिल्या पायरीशी काढल्या, करवंदांची दुरडी दादांच्या हातात दिली आणि अनवाणी वर गेली. कोर्टाचं काम होईपर्यंत न्यायसंस्थेचा लाल पट्टा लावलेला शिपाई दाराशी दुरडी सांभाळत उभा होता. अधूनमधून एखादं करवंद तोंडात टाकतही होता, पण ती बाब मी प्रबंधात घातली नाही.

संध्याकाळी एसटीत मी त्यांना विचारलं, ती बाई सकाळपासून चिंचेखाली होती, तिला पुकारा ऐकू येत होता, मग ती आली का नाही? दादांना माझ्या शिक्षणाची कीव आली. म्हणाले, लग्नाचं आवतण आठ दिवस आधी दिलेलं असतं, तरी जेवायच्या वेळेला कुणीतरी दारात जाऊन चला म्हणतो की नाही? त्याशिवाय आपल्यात कोण उठतं? नुसतं लांबून ओरडलं तर ते बोलावणं होत नाही. आपण होऊन वर गेलं की साहेबांच्या व्हरांड्यात कोण आलं म्हणून हाकलतील, ही भीती वेगळीच.

"ती लोका बोलवाया गेल्याबिगर येनार नाय," ते म्हणाले. "आपला काय जातंय? नऊ पायऱ्या."

मी वहीत लिहिलं, चौथा पुकारा. खाली दोन रेघा मारल्या. मॅडमनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. म्हणाल्या, मुली, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मला तेव्हा वाटलं, हे माझं भाग्य. हे पुस्तकात नाही, कुणाच्या कागदावर नाही, क्लार्कपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आणि कुणीच बोलत नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं चाललंय, हे ऑनर्सच्या चारही पेपरांत कुणी शिकवलं नव्हतं.

चौथं प्रकरण मी झोकात लिहिलं. नावासकट. कोर्टाचं नाव, शिपायाचं नाव, चिंच, पायऱ्यांची संख्या. मला वाटलं होतं मी त्यांचा पुतळा उभारतेय. बाइंडिंग होऊन आलं, काळं कापड, सोनेरी अक्षरं. दादांनी हात धुतले, पुसले आणि मग पुस्तक घेतलं. त्यांचं नाव जिथे होतं तिथे मी त्यांचं बोट नेऊन ठेवलं. त्यांनी ते बोट नावावरून एकदा चालवलं. मग विचारलं, यातलं एक जादा मिळंल का?

ते जादा पुस्तक त्यांनी कशाला मागितलं हे मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते पाव किलो पेढे घेऊन कोर्टात गेले आणि पुस्तक नाझरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. नाझर म्हणजे कोर्टाच्या कचेरीचा कारभारी. दादा म्हणाले, माझ्या पोरीने लिवलाय, यात मी हाय. नाझर चांगला माणूस. त्याने पेढा खाल्ला, पाठ थोपटली आणि कौतुकाने पुस्तक साहेबांच्या चेंबरमध्ये नेऊन दिलं.

चष्मा पुसणारे साहेब दोन आठवड्यांपूर्वीच बदलून गेले होते. नवे साहेब सरळ माणूस होते. त्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं, हीच पंचाईत. नंतर नाझरने दादांना त्यांचं म्हणणं सांगितलं. ऐकलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करता येतो, लिहिलेल्या गोष्टीकडे नाही. शिपाई कामकाज चालू असताना दार सोडून एका पक्षाला बोलवायला जातो, हे छापून आलंय. उद्या दुसऱ्या पक्षाने हरकत घेतली तर काय सांगायचं? दादांना मेमो मिळाला. पुस्तकात नमूद केलेला प्रकार खरा आहे का, सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. बाहेरच्या परीक्षकाने प्रबंध वाचून शेरा दिला होता. चौथ्या प्रकरणाला आधार नाही, विद्यार्थिनीने आपल्याच वडिलांबद्दल लिहिलंय, हे रंगवलेलं वाटतं. मॅडमनी चष्मा काढून हातात धरला.

"प्रकरण काढून टाकलंस तर डिग्री आहे, ऑनर्स नाही. ठेवायचं असेल तर तोंडी परीक्षेला पुरावा घेऊन ये."

घरी येताना मी गणित मांडत आले. प्रकरण काढायचं आणि दादांनी लिहून द्यायचं की असं काही घडलंच नाही, पोरीची कल्पना. म्हणजे दादा दाराशी राहतात आणि मी साधी पदवीधर होते. निवृत्तीला त्यांची अडीच वर्षं उरली होती. हे गणित इतकं सोपं होतं की चौथीतल्या मुलालाही सुटलं असतं. मला ते सुटू नये असं वाटत होतं.

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर बसलो. आईने पापड वाळत घातले होते, त्यांच्यामधली जागा शोधून. मी फुलस्केप कागद आणले होते. मी त्यांना कायदा सांगितला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची कुणावर सक्ती नाही. तुम्ही गप्प राहू शकता, नाकारू शकता, मुलीने अभ्यासासाठी रंगवून लिहिलं म्हणू शकता. मी तसा खुलासा लिहूनही आणला होता, सुरेख अक्षरात. दादांनी तो ऐकून घेतला. मग विचारलं, "असा दिला तर तुजा ऑनर्स?"

"ते राहू दे."

"राहू दे म्हंजे रातो का जातो?"

मी पापड उलटे करायला घेतले. त्यांना एवढं उत्तर पुरलं.

"तू लिवलंस ता खोटा हाय का?"

"खोटं नाही."

"मंग मी कशाला खोटा लिवू?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कोऱ्या फुलस्केपवर, माझ्या सुरेख खुलाशाच्या शेजारी, मोठ्या वाकड्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या. होय साहेब. मी खाली जातो. लोक वर येत नाहीत म्हणून जातो. खाली सही, हशुराम गोमा म्हात्रे.

आता यापुढचं मी आजवर कुणाला हसत सांगू शकलेली नाही, आणि मी कशावरही हसते. मी तो कागद त्यांच्या हातून काढून घेऊन फाडू शकले असते. माझं वय बावीस होतं, हात धड होते, पापडांशिवाय मध्ये कुणी नव्हतं. मी कागद घेतला, बाजारात गेले, दोन झेरॉक्स काढल्या. एक दादांना दिली, त्यांच्या फाइलसाठी. दुसरी माझ्या प्रबंधाला जोडली. परिशिष्ट ब.

पेपर मे महिन्यात झाले. उकाडा असा की उत्तरपत्रिकेला मनगट चिकटायचं, म्हणून खाली रुमाल घालून लिहायचं. जादा पेपरांपैकी तिसऱ्यात प्रश्न आला, आरोपीचा मौनाचा अधिकार सविस्तर स्पष्ट करा. मी पुरवणी मागून घेतली. आमच्या वर्गात त्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण मला पडले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने परिशिष्ट ब पाहिलं, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, उत्तम, हा तर कबुलीजबाबच आहे.

त्याच सुमारास दादांना दारावरून काढून रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. शिक्षा नव्हे, कामाची फेरवाटणी, असं नाझरने घरी येऊन सांगितलं, आणि चहा न घेता गेला. निकाली खटल्यांचे गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले, छतापर्यंत. झुरळांच्या गोळ्यांचा वास आणि धूळ. तिथे पुकारायला कुणी नाही. आणि पुकारल्यावर गठ्ठ्यांतून कुणी उत्तर दिलं असतं तर दादाच घाबरले असते, असं मी तेव्हा म्हटलं होतं, वातावरण हलकं करायला. ते हसलेही. आईने मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

पावसाळ्यात एकदा मी दादांचा डबा द्यायला कोर्टात गेले होते. व्हरांड्यात उभी असताना नव्या शिपायाने पुकारलं, कमळी रामा वाघे. मी फाटकाकडे पाहिलं. चिंचेखाली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन, ती बसलेली होती. आरोळी ऐकून तिने मान वर केली आणि दाराकडे बघितलं, दादा दिसतात का म्हणून. दुसरा पुकारा. तिसरा. कमळी बसून होती. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बघा, माझं चौथं प्रकरण सिद्ध झालं. तेवढ्या एका क्षणापुरती मी खूश होते. मग पळाले. नऊ पायऱ्या, अंगण, चिखल. तिला हाताला धरून वर आणेपर्यंत फाइल बंद झाली होती, वॉरंट लिहून झालं होतं. पुढे तिला दोन रात्री आत काढाव्या लागल्या.

त्या दिवशी जेवताना दादांनी विचारलं, कमळीची तारीख होती ना, आली होती का? मी म्हटलं, आली होती. शब्दाला शब्द खरं. मी आता कायद्याची पदवीधर होते, तेही ऑनर्स. दादा बरं म्हणाले आणि भाताला आमटी मागितली.

आज मी स्वतः त्याच जिल्ह्यातल्या कोर्टांतून वकिली करते. आता ठिकठिकाणी नंबर दाखवणारे फलक आलेत, लाल आकडे सरकत असतात, कुठे माइक आहे. माझ्या अशिलाचा नंबर जवळ आला की मी काळा कोट सावरत फाटकापर्यंत जाते. शेजारचे वकील चेष्टा करतात, म्हात्रे मॅडम वऱ्हाड घ्यायला निघाल्या. चेष्टा करू देत. तिथे टेकून बसलेल्या माणसाजवळ वाकून चला म्हणताना आवाज लहान ठेवायचा, हे मला अजून नीट जमत नाही. मोठ्या आरोळीची नक्कल सोपी. खालचा, घरातला आवाज मात्र येत नाही.

कॉलेजने ऑनर्सवाल्यांचा सत्कार ठेवला तो दोन हजार सातच्या जानेवारीत. छापील निमंत्रण घरी आलं, श्री. व सौ. म्हात्रे. आईला ताप होता, दादा आले. पांढरा शर्ट, केसांना तेल. मी पुढच्या रांगेत बसले. मागे वळून पाहत राहिले, पालकांच्या खुर्च्यांत दादा दिसेनात. स्टेजवर नावं घ्यायला सुरुवात झाली. माझ्या आधी दोघं होते. आणि मला एकदम समजलं की दादा कुठे असणार. छापील निमंत्रण म्हणजे आठ दिवस आधीचं आवतण. पानं वाढल्यावर चला म्हणायला कोण गेलं होतं त्यांच्याकडे?

मी उठले आणि बाहेर धावले. फाटकाशी, भिंतीला टेकून, गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या ओळीत दादा उकिडवे बसले होते. मला बघून दचकले.

"तू हिता कशाला? तुजा नंबर येल."

"तुम्हाला बोलवायला आले. चला."

ते उठत होते तेवढ्यात मागून लाउडस्पीकरवर माझं नाव आलं. संजीवनी हशुराम म्हात्रे. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जरा कंटाळून. आम्ही दोघं सवयीने मोजत उभे होतो. पुढच्याचं नाव घेतलं गेलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

"गैरहजर," दादा म्हणाले, आणि दोघांनाही हसू फुटलं. शेजारचा ड्रायव्हरही उगाच हसला.

मग दादांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी शर्ट खाली ओढला, पट्टा नव्हता तिथे हाताने पट्टा सारखा केला, हॉलच्या दाराकडे तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला. मी कान सावध केले. ड्रायव्हरांना सांगावंसं वाटलं, बशा थांबवा. दादांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तोंड उघडलं, माझं अख्खं नाव त्यांच्या ओठांवरून गेलेलं मी पाहिलं. आवाज आला नाही. रेकॉर्ड रूममधल्या सात महिन्यांच्या धुळीसारखं काहीतरी खरखरलं आणि खोकला आला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग गळ्यावर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं खिशात हात घातल्यावर किल्ली नाही हे कळलेला माणूस दाराकडे पाहतो.

ती हाक माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मी त्यांच्यासमोर सरळ उभी राहिले, चपला काढल्या आणि म्हटलं, "हाजिर, साहेब."

त्यांनी मान हलवली, कारकुनासारखी, नोंद घेतल्यासारखी. मग म्हणाले, चपला घाल, खडी टोचंल. आत गेलो नाही आम्ही. प्रमाणपत्र दोन दिवसांनी ऑफिसातून घेतलं, रजिस्टरवर सही करून.